नेदरलँड्समध्ये तंबू ठोकण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी मार्च उजाडला की फोन सुरू होतात. पुण्याची मावशी, नाशिकचा आतेभाऊ, नुकतंच आमस्टेलफेनला राहायला आलेलं एखादं मराठी जोडपं. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. आम्ही फेलुवेच्या जंगलाच्या कडेला एका लहान गावात राहतो. चार माणसांचा जुना तंबू आणि तीन सायकली एवढंच आमचं भांडवल. तेव्हा हॉटेलांचे आणि शॉपिंगचे सल्ले इथे शोधू नका.

ॲमस्टरडॅम, हेग, रॉटरडॅम असा आठ दिवसांचा बेत आहे. त्यात एक रात्र तंबूत बसेल का?

बसेल, पण बसवू नका. एका रात्रीत संध्याकाळी तंबू उभारणं आणि सकाळी दवाने भिजलेला तंबू गुंडाळणं एवढंच पदरात पडतं. एखादं शहर वगळा आणि एकाच जागी निदान तीन रात्री राहा. पहिल्या दिवशी सपाट गवत, गाई आणि ओळीने लावलेली झाडं दिसतात आणि माणूस म्हणतो, बरं, पुढे? दुसऱ्या दिवशी लक्षात येतं की प्रत्येक शेताभोवती पाण्याचा चर आहे. तिसऱ्या दिवशी तंबूसमोर चहा घेत बसावं, तर समोरच्या बांधापलीकडून एक पांढरं शीड सावकाश सरकत जातं, आपल्या डोक्याच्याही वरून. होडी वर आणि आपण खाली. हा देश मला तिथे कळायला लागला.

रानात, समुद्रकिनारी, कुठेही तंबू ठोकला तर चालतो का?

नाही. परवानगी असलेल्या जागेबाहेर तंबू लावायला देशभर बंदी आहे आणि दंड होतो. नॉर्वे-स्वीडनबद्दल वाचलेलं इथे लागू करू नका. या देशात मोकळी दिसणारी प्रत्येक जागा कुणीतरी आखलेली, मोजलेली असते.

मग कुठली कॅम्पसाइट निवडायची?

मोठ्या कॅम्पसाइटवर पोहण्याचा तलाव, मुलांसाठी दिवसभर खेळ, दुकान, हॉटेल सगळं असतं. मुलं खूश, आईबाप थोडे थकलेले. पण डच गाव बघायचं असेल तर शेतावरची छोटी कॅम्पसाइट घ्या. इथले लोक त्याला ‘काम्पेरेन बाय द बूर’ म्हणतात, म्हणजे शेतकऱ्याकडे मुक्काम. गोठ्यामागच्या गवताच्या तुकड्यावर पंधरा-वीस जागा, कोपऱ्यात दोन न्हाणीघरं, भांडी घासायला एक मोठं सिंक, आणि रिसेप्शन म्हणजे बहुतेक वेळा स्वयंपाकघराचं मागचं दार. नोंदणी वहीत होते. सकाळी सहाला दूध काढायच्या यंत्राचा आवाज येतो आणि शेणाचा वास तर चोवीस तास. खेड्यात वाढलेल्या माझ्या सासूबाईंना तो वास आला आणि त्या पहिल्यांदाच या देशात मोकळ्या झाल्या.

तिसरा प्रकार निसर्ग कॅम्पसाइटचा. जंगलात किंवा वाळूच्या टेकड्यांत, गाडी बाहेर ठेवून सामान हातगाडीवरून न्यायचं, वीज नाही, गाणी नाहीत. यासाठी वर्षभराचं एक वेगळं कार्ड काढावं लागतं. तंबूच नको असेल तर ‘ट्रेकर्सहट’ नावाच्या साध्या लाकडी खोल्या मिळतात. चार बाक-पलंग, एक टेबल, बस्स. अंथरूण-पांघरूण आपलं.

खर्च किती?

जागेचं भाडं, माणशी आकार, वीज आणि पर्यटक कर हे बऱ्याचदा वेगवेगळं लावतात, म्हणून एकूण रक्कम आधी विचारा. शेतावर दोघांना साधारण २० ते ३० युरोंत रात्र निघते. समुद्राकाठी जुलैमध्ये ती दुपटीच्या पुढे जाते.

कधी यावं?

मेचा दुसरा पंधरवडा आणि जून. जूनअखेरीस सूर्य रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे जेवूनही दोन तास सायकल चालवता येते. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्ट्या असतात आणि सगळा देश एकदम रस्त्यावर येऊ नये म्हणून उत्तर, मध्य आणि दक्षिण भागांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या आठवड्यांत सुरू होतात. तरी गर्दी होतेच. मे-जूनमध्ये येणारे हेमेलफार्ट आणि पिंक्स्टरेन हे दोन ख्रिस्ती सण लांब विकेंड घेऊन येतात. त्या दिवसांची जागा हिवाळ्यातच राखून ठेवा.

४ मेला इथे असाल तर एक लक्षात असू द्या. रात्री ८ वाजता युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं स्तब्धता पाळतात. पहिल्यांदा ती मी कॅम्पसाइटवर पाहिली. बॅडमिंटन खेळणारी पोरं हातात फूल घेऊन थांबली आणि कुणीतरी उकळत्या किटलीखालचा गॅस बंद केला.

व्हिसाच्या अर्जाला कॅम्पसाइटचं बुकिंग चालतं का?

राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. कॅम्पसाइटकडून सगळ्यांची नावं, तारखा आणि पत्ता असलेलं पत्र किंवा ईमेल मागून घ्या. शेतकरी हसत देतात. रोजच्या रोज जागा बदलणारा बेत कागदावर मांडणं कठीण जातं, हे मुक्काम कमी ठेवण्याचं आणखी एक कारण. बाकी शेंगेनचे नेहमीचे नियम: १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा.

तंबू भारतातून आणू का? आणि रात्री थंडी वाजते का?

चांगला तंबू असेल तर आणा, पण दोन थरांचा आणि खरोखर पाणी न शिरणारा हवा. सह्याद्रीत हिवाळ्यात वापरलेला हलका तंबू इथल्या वाऱ्यात टिकत नाही. मेखा दोन प्रकारच्या ठेवा. पोल्डरच्या, म्हणजे पाणी उपसून काढलेल्या जमिनीच्या, चिकणमातीत साध्या मेखा छान बसतात. फेलुवेच्या आणि किनाऱ्यावरच्या वाळूत त्या लोण्यातल्या सुरीसारख्या निघून येतात, तिथे लांब, रुंद पात्याच्या लागतात. स्टोव्ह आणला तर रिकामा आणि कोरडा. गॅसचं नळकांडं विमानात चालत नाही, ते इथे घ्या.

जूनमध्येही रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. खालून येणारा गारवा वाईट. पांघरुणापेक्षा झोपायच्या चटईवर पैसे खर्च करा.

प्रेशर कुकर चालेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सविस्तर.

पहिल्या वर्षी आम्ही घरचा तीन लिटरचा कुकर नेला. संध्याकाळचे साडेसहा, सगळीकडे शांतता, मुगाच्या खिचडीची दुसरी शिट्टी झाली आणि पलीकडच्या कारवानमधले आजोबा आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावत आले. काही फुटत नाही हे पटवायला पाच मिनिटं लागली. मग ते तिसऱ्या शिट्टीपर्यंत थांबले, वाटीभर खिचडी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी धुऊन परत आणताना म्हणाले, “चव चांगली होती. मीठ जास्त होतं.” तर कुकर चालतो. शेजाऱ्यांना आधी सांगा.

विजेची शेगडी मात्र नेऊ नका. साध्या जागांवर ६ अँपिअरची वीज असते, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॉट. घरची २,००० वॉटची इंडक्शन लावली की फ्यूज उडतो. आमचा उडाला तेव्हा आमच्यासकट शेजारच्या तीन कारवानांचे फ्रिज बंद पडले. पेटीला कुलूप, किल्ली शेतकऱ्याकडे आणि शेतकरी दूध काढण्यात दीड तास गुंतलेला. जोडणीला तीन खुंट्यांचा निळा गोल प्लग लागतो. तो नसेल तर अडॅप्टर घ्या.

उघड्यावर लाकडं पेटवायला जवळजवळ सगळीकडे मनाई आहे. शेगडी जमिनीपासून उंच हवी, आणि कोरड्या उन्हाळ्यात तीही बंद होते.

आम्ही शाकाहारी आहोत. उपासमार होईल का?

मुळीच नाही, फक्त चीजकडे नीट बघा. पारंपरिक डच चीज घट्ट करायला वासराच्या जठरातून काढलेलं ‘स्ट्रेम्सल’ वापरतात, आणि शेतावरच्या चीजमध्ये तर बहुधा तेच असतं. चालत नसेल तर ‘फेखेटारिस स्ट्रेम्सल’ लिहिलेलं चीज मागा; सुपरमार्केटात सहज मिळतं. स्नॅकबारमध्ये बटाट्याचे तळलेले काप आणि चीज भरलेला ‘कासुफ्ले’ मिळतो. कढई तीच, ज्यात मांसाचे पदार्थ तळतात, हे विचारायचं की नाही तुमचं तुम्ही ठरवा.

मराठी स्वयंपाकघराला हा देश गुपचूप सोयीचा आहे. ‘कार्नमेल्क’ म्हणजे ताक. आपल्यापेक्षा दाट आणि आंबट, पाणी-मीठ-जिरं घातलं की झालं. ‘क्वार्क’ म्हणजे जवळजवळ तयार चक्का. साखर आणि वेलदोडा घोटून पंधरा मिनिटांत तंबूत श्रीखंड होतं. खेड्यातल्या रस्त्यांवर घरासमोर एक लहानसं फळकूट असतं, त्यावर बटाटे, भोपळे, अंडी, जॅमच्या बरण्या आणि पैसे टाकायला डबा. विकणारं कुणी नसतं. सुट्टी नाणी त्यासाठी जवळ ठेवा.

आणि शहरातून जाताना सुरिनामी रोटीचं दुकान दिसलं तर थांबा. १८७३ साली ‘लाला रूख’ जहाजाने कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत गेले. १९७५ च्या स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांचे बरेच वंशज इकडे आले, हेगमध्ये सर्वांत जास्त. रोटीबरोबर बटाटा आणि चवळीच्या लांब शेंगांची भाजी, आणि उडदाचा ‘बारा’, जो आपल्या वड्याचा सख्खा चुलतभाऊ आहे.

संडास-बाथरूमचं काय?

स्वच्छ असतात, पण चालत जावं लागतं. सकाळी टॉयलेट पेपरची गुंडाळी काखेत धरून शांतपणे चाललेली माणसं दिसतील. लाजू नका, तुम्हीही त्यात सामील व्हा. छोट्या जागांवर कागद आपला न्यायचा असतो. पाण्याचा जेट नसतो, म्हणून पाणी घ्यायचा मग घरून आणा. गरम पाण्याला कुठे नाणं, कुठे टोकन लागतं, आणि ते नेमकं साबण लावल्यावर संपतं.

भांडी घासायचं सिंक हा कॅम्पसाइटवरचा पार आहे. प्लास्टिकच्या टबात भांडी घेऊन सगळे तिथे येतात, पुरुष निम्म्याहून जास्त, आणि हवामानापासून नव्या सरकारापर्यंत सगळं तिथेच निघतं. गप्पा मारायच्या असतील तर रात्री साडेसातला भांडी घासायला जा.

डच माणसांशी वागायचं कसं? तुसडे असतात म्हणे.

तुसडी नाहीत, तोंडावर बोलतात. खिचडीवाले आजोबा आठवा. मीठ जास्त होतं, म्हणून सांगितलं. खिचडी आवडली नसती तर तेही सांगितलं असतं. सुरुवातीला मला ते लागायचं. आता पुण्याला आले की “छान, छान” ऐकून खरं काय ते कळत नाही.

काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. सकाळी कॅम्पसाइटवर समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ‘खुडेमॉर्खन’, म्हणजे सुप्रभात, म्हणायचं. दुसऱ्याच्या जागेतून आडवं जायचं नाही, मधे कुंपण नसलं तरी. कॉफीला बोलावलं तर कॉफीच मिळते, बरोबर एक बिस्किट. जेवणाची वेळ संध्याकाळी सहा, आणि त्या वेळी कुणाच्या तंबूवर न सांगता जाणं म्हणजे आगाऊपणा. वाढदिवस असेल तर ज्याचा आहे त्याचंच नव्हे, त्याच्या आईवडिलांचं, बहिणीचं, शेजाऱ्याचंही अभिनंदन करतात. सगळे गोल खुर्च्या मांडून बसतात आणि नवीन आलेला एकेकाशी हात मिळवत फेरी पूर्ण करतो. रात्री दहानंतर आवाज नाही. तंबूच्या कापडातून अंताक्षरी किती लांब ऐकू जाते, याची आम्हाला लेखी आठवण मिळालेली आहे.

‘खेझेलख’ हा शब्द वारंवार कानावर पडेल. चार जण छताखाली, बाहेर पाऊस, आत मेणबत्ती आणि पत्ते, ते खेझेलख.

सायकल येते, पण सपाट रस्त्याने जायचं म्हणजे सोपंच ना?

चढ नाही, पण वारा आहे. वीस किलोमीटर समोरून वारा घेतला की सिंहगड बरा वाटतो. सकाळी वाऱ्याविरुद्ध निघा, म्हणजे दमल्यावर परतीला तो पाठीशी येतो.

रस्ता शोधायला फोन लागत नाही. सायकलमार्गांच्या प्रत्येक नाक्याला क्रमांक दिलेला आहे, त्याला ‘क्नोपपुंट’ म्हणतात. नकाशावर बघून कागदाच्या पट्टीवर आकडे लिहायचे, २३, ४७, ४८, ५१, पट्टी हँडलला चिकटवायची आणि हिरव्या-पांढऱ्या पाट्यांमागे जायचं. ही कल्पना शेजारच्या बेल्जियममधल्या एका खाण इंजिनिअरची. जंगलात वाकून वाचावे लागणारे पांढरे बुटके दिशादर्शक दिसतील. आकारावरून त्यांना ‘पाडेस्टूल’, म्हणजे अळंबी, म्हणतात, आणि ते १९१९ पासून उभे आहेत.

उजवीकडून चालवा, वळताना हात दाखवा, अंधारात दिवे लावा, फोन हातात धरू नका. २०१९ पासून त्याला दंड आहे. तांबड्या डांबराची पट्टी सायकलींची. तिच्यावर फोटो काढायला उभे राहिलात तर डच भाषेतले पहिले चार शब्द फुकट शिकायला मिळतील. ट्रेनमध्ये सायकलीचं वेगळं तिकीट काढावं लागतं आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९ व दुपारी ४ ते ६.३० मनाई असते. जुलै-ऑगस्टमध्ये ती नसते.

जमीन समुद्राच्या खाली, म्हणजे नक्की कशी?

देशाचा सुमारे २६ टक्के भाग समुद्रसपाटीखाली आहे. तळं किंवा दलदल निवडायची, भोवती बांध घालायचा, बांधाबाहेर कालवा खणायचा आणि आतलं पाणी उपसून त्यात टाकायचं. आत उरते ती जमीन, म्हणजे पोल्डर. बेम्स्टर हा मोठा पोल्डर १६१२ साली पवनचक्क्यांनी कोरडा केला; त्याचे काटकोनातले रस्ते अजून तसेच आहेत. पण दलदलीची माती कोरडी झाली की हवेत कुजते आणि बसते. जमीन खचली की आणखी उपसा, उपसा केला की आणखी खचणार. म्हणून कालवा वर राहिला आणि गाई खाली गेल्या, आणि म्हणून ते शीड डोक्यावरून जातं. पंप थांबवणं आता कुणाच्याच हातात नाही.

कोकणातल्या किंवा गोव्याच्या माणसाला हे सांगायला फार वेळ लागत नाही. गोव्याच्या खाजन शेतीत बांध आहे, भरतीला आपोआप मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं मानस, म्हणजे पाण्याचं दार, आहे, आणि बांध राखायला गावकरी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, होती. इथली गावकरी म्हणजे ‘वाटरस्खाप’, पाणी मंडळ. मध्ययुगात सुरू झालेली ही मंडळं आज २१ आहेत. त्यांचा कर वेगळा, निवडणूक वेगळी. माझ्याकडे डच पासपोर्ट नाही, संसदेला मत देता येत नाही, पण पाणी मंडळाला देता येतं. बांध फुटला तर पासपोर्ट बघून पाणी शिरत नाही, असं आमच्या मतदान केंद्रावरच्या बाईंनी सांगितलं.

१ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे वादळी भरतीने नैर्ऋत्येचे बांध फोडले आणि या देशात १,८३६ माणसं गेली. झेलंडमध्ये तंबू लावलात तर वयस्क शेतकऱ्याशी बोलताना हा विषय आपण होऊन काढू नका. तो त्यांच्याकडून आला तर चहा गार होऊ द्या आणि ऐका. तिथलाच पूर्व स्खेल्ड खाडीच्या तोंडावरचा अडसर १९८६ मध्ये पुरा झाला. वादळात त्याचे दरवाजे खाली येतात, एरवी भरती-ओहोटी आत-बाहेर चालू राहते. तशी ती ठेवावी म्हणून मासेमार आणि निसर्गप्रेमी भांडले होते.

शेतांवर उलटे झेंडे का दिसतात?

२०२२ साली ते हजारोंनी लागले, काही अजून आहेत. गुरांच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया निसर्गक्षेत्रांवर बसतो. २०१९ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने परवाने देण्याची जुनी पद्धत रद्द केली आणि सरकारने गुरं कमी करायचं ठरवलं. शेतकरी चिडले; उलटा झेंडा हा त्याचा निषेध. शेतावर राहात असाल तर दोन्ही बाजू एकाच गोठ्यात ऐकायला मिळतील, बाप एक म्हणतो, मुलगी दुसरं. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं.

ट्यूलिपच्या शेताजवळ कॅम्पिंग करता येईल का?

एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत, नोर्डओस्टपोल्डरकडे. शेतात पाय टाकू नका. बुटांबरोबर रोग जातो. आणि एका सकाळी सगळी फुलं छाटलेली दिसली तर हळहळू नका. शेतकऱ्याला ट्यूलिपचा कंद विकायचा असतो, फूल त्याची ताकद खातं.

एकच प्रदेश सुचवायचा तर?

पहिल्या खेपेला फेलुवे. होखे फेलुवे राष्ट्रीय उद्यानात तिकीट काढून आत गेलं की पांढऱ्या सायकली फुकट. रानातून सायकल हाकत क्रोलर-म्युलर संग्रहालयात जायचं आणि व्हॅन गॉगसमोर घामेजलेल्या शर्टाने उभं राहायचं. दुसऱ्या खेपेला वाडन समुद्राची बेटं. टेक्सेल लिहितात, टेसल म्हणतात. फ्लीलांड आणि स्खिरमोनिकोखवर पाहुण्यांना गाडी नेता येत नाही, म्हणून ती मला जास्त आवडतात. ओहोटीत चिखलातून चालत बेट गाठायचं असेल तर वाटाड्या घ्याच. खीटहोर्न या कालव्यांच्या गावात दुपारी होड्यांची कोंडी असते. त्याच पाणथळीत पुढे वेरिबेनला जा, तिथे अजून छपरांसाठी बोरू कापतात.

मे महिन्यात ओल्या कुरणात लांब चोचीचा तांबूस पक्षी आपलंच नाव ओरडत फिरतो, ख्रुटो, ख्रुटो. तो इथला राष्ट्रीय पक्षी. भिगवणला हिवाळ्यात दिसणारा ब्लॅक टेल्ड गॉडविट तो हाच, फक्त इथे लग्नाच्या कपड्यांत.

साप, डास, लांडगे?

विषारी साप एकच, ॲडर, आणि तो तुम्हाला टाळतो. डास पाण्याजवळ भरपूर. लांडगे फेलुवेत परत आले आहेत. मुलांना जवळ ठेवा, कुत्रा बांधून ठेवा, अन्न बाहेर टाकू नका. खरी काळजी गोचिडीची. गवतातून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे रोज बघा, चिमट्याने सरळ उपटा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टर गाठा. तातडीसाठी नंबर ११२.

आजी-आजोबा बरोबर आहेत.

ट्रेकर्सहट घ्या, न्हाणीघराजवळची मागा, आणि एक टेकायची खुर्ची भाड्याने. आमच्या आजेसासऱ्यांनी त्या खुर्चीत बसून चार दिवसांत अठ्ठावीस होड्या मोजल्या.

निघताना जागा कशी सोडायची?

कचरा काच, कागद, प्लास्टिक असा वेगळा करून. तंबूखालचं पिवळं गवत आपोआप सावरतं. पण मेखा मोजून घ्या. गवतात राहिलेली एक मेख गवत कापायच्या यंत्राचं पातं मोडते, नाहीतर चाऱ्यातून गाईच्या पोटात जाते. आमच्या तंबूला बावीस लागतात. एकवीस भरल्या की शेतकरी स्वतः गुडघ्यावर बसून आमच्याबरोबर बाविसावी शोधतो.